आहे किती, निघेल किती

एखाद्याची अब्रू चव्हाट्यावर आणताना निदान आकडा तरी बरोबर असावा, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांचीच अब्रू मी चव्हाट्यावर आणली होती. स्वतःच्या हातानं दहा प्रती उतरवून, मागं खळ लावून, भिंती-भिंतींवर चिकटवून. त्याची लाज वाटते का? वाटते. पण नेमकी कशाची वाटते ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

कसब्यात तांबट आळीच्या तोंडाशी एका माडीवर ते भाड्यानं राहत. सगळे त्यांना अजमासबुवा म्हणत, कारण धंदाच तो. कुठं चुनखडी लागली, बांधकामाचा काळा दगड लागला, की खाणवाला बुवांना बोलावून विचारी, "इथून शेवटपर्यंत मिळून किती माल बाहेर येईल?" बुवा जात, बघत, आणि एक आकडा देत. अंगानं उंच, वाळके. पागोटं असं बांधलेलं की ते या कोपऱ्यावर सुटेल का पुढच्या, याचा अजमास रस्त्यानं जाणाऱ्यानं काढावा. कमरेला चिंचोक्यांच्या दोन पिशव्या. ज्या खाणीचं काम चालू असेल तिथलाच चुना भाजून पानाला लावायचा, माल कसा आहे ते जिभेला कळतं म्हणून. त्यामुळं जिभेचं साल कायम गेलेलं आणि बोलणंही तसंच.

"किती आहे?" असं विचारलेलं त्यांना खपत नसे. "आहे किती ते ज्यानं पुरलंय त्याला विचारा. निघेल किती ते मला विचारा. आहे ते वेगळं, निघेल ते वेगळं."

हे खाणीपुरतं असतं तर ठीक होतं. ते सगळ्यालाच लावत. घरमालकीणबाईंनी, त्यांना आम्ही मावशी म्हणायचो, एकदा लोणच्याची बरणी पुढं करून विचारलं, "अहो बुवा, हे संक्रांतीपर्यंत पुरेल का ते सांगा बघू."

बुवांनी बरणीत बघितलंच नाही. सुनेकडं बघितलं. "आहे दोन शेर. निघेल दीड. उरलेला अर्धा शेर तळाशीच राहील, कारण सूनबाईंचा हात तळापर्यंत जात नाही आणि आपण तो जाऊ देत नाही."

मावशींनी त्यांचं ताक दोन दिवस बंद केलं. संक्रांतीला बरणी धुवायला काढली तेव्हा तळाशी बुरशी आलेलं लोणचं सापडलं. किती होतं ते मावशींनी कुणाला बघू दिलं नाही. परसात खड्डा करून पुरलं.

मी त्याच घरात खाली ओसरीलगतच्या खोलीत राहायचो. बाविशीचा होतो, मूळचा धायरीचा. गावच्या कुलकर्ण्यांकडं अक्षर गिरवलं आणि शहरात येऊन ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहायला लागलो. अर्जांचं काय होतं ते वर्षभरात कळलं. ते गठ्ठ्यात जातात आणि गठ्ठा उंदरांकडं जातो. मग मी अर्ज लिहायचं सोडून कागद भिंतीला लावायला सुरुवात केली. भिंतीवरचा कागद निदान माणसं तरी वाचतात. कुणी पाणी अडवलं, कुणी वेठीला धरलं, कुणी माप मारलं, सगळं नावानिशी. चावडीच्या शिपायानं मला तीनदा धरलं आणि तीनदा सोडलं, कारण त्याच्याही भावावर झालेल्या अन्यायाचा एक कागद मी लावला होता.

बुवांना माझ्याविषयी फार आदर नव्हता. मावशी एकदा सुनेच्या माहेरची काहीतरी गोष्ट मला सांगू लागल्या तशी माडीवरून आवाज आला. "मावशी, यांना नका सांगू. यांच्या पोटात गोष्ट राहते ती दीडशे पावलं. इथून चावडीची भिंत दीडशे पावलांवर आहे. मोजलीत मी."

मी रागानं बाहेर पडलो. मनातल्या मनात पावलं मोजत गेलो. एकशे सत्तेचाळीस भरली. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यांचं काम कसं चालतं ते मी नदीपलीकडच्या चुनखडीच्या खाणीवर बघितलं. एका पिशवीत आजवर निघालेल्या सगळ्या मालाचे चिंचोके, शंभर खंडीला एक. दुसऱ्या पिशवीत फक्त यंदाच्या मालाचे. दोन्ही जमिनीवर ओतायचे आणि यंदाची मूठ त्या सगळ्या ढिगाच्या कितवा हिस्सा आहे ते बघायचं. "सुरुवातीला निम्मा असतो," ते म्हणाले. "मग चौथा, मग दहावा, मग विसावा. खाली किती खोल आहे ते मला दिसत नाही. पण हा हिस्सा कसा उतरत चाललाय ते दिसतं. उतरत उतरत तो कुठं संपतो तिथवर डोळा न्यायचा. तिथं खाण संपली. माल संपत नाही हो, खाण संपते. माल तसाच खाली हसत पडलेला असतो. वर काढायला मात्र परवडत नाही."

त्यांनी लिहून दिलं की पुढच्या शिमग्याला ही खाण संपेल. खाणवाला त्यांच्या तोंडावर हसला. शिमग्याला खाण संपली. तेव्हा त्यानं काय करावं? बुवांना शाल द्यायचं कबूल केलं होतं ती दिली नाही. म्हणाला, यांची जीभच काळी, यांनी म्हटलं नसतं तर आणखी चार वर्षं निघालं असतं. मी भडकलो, या अन्यायावर कागद लिहितो म्हणालो. बुवा पान लावत म्हणाले, "नका. शाल आहे ते वेगळं."

आता माझ्या गावाचं.

त्या वर्षी एका बड्या सरदाराच्या नव्या वाड्याचं काम निघालं. तीन चौकी वाडा. शेजारच्या सरदाराचा दोन चौकी होता, एवढंच कारण. त्या काळात पुण्यात सगळ्यांना घर बांधायचं नव्हतं, शेजाऱ्यापेक्षा मोठं घर बांधायचं होतं, आणि त्यासाठी लागणारा चुना कुठून तरी यायचा होता. धायरीच्या गायरानात, ओढ्याच्या अंगाला, हातभर मातीखाली चुनखडीचा पट्टा होता. सरदाराच्या इमारतीचं काम बघणाऱ्या कारखानीसांनी खणायचा परवाना आणला. पट्टा मोठा निघाला तर तिथंच भट्ट्या बांधायच्या आणि सगळा उपसायचा, असं ठरलं.

त्या पट्ट्याच्या मधोमध गावाची विहीर. चुनखडीतूनच तिला पाझर. पट्टा उपसला की विहीर गेली. सगळ्या गावाला पाणी पाजणारी ती एकच. हे कारखानीसांना सांगायला पाटील गेले तेव्हा ते म्हणाले, "मग ओढ्याचं प्या. ओढा आम्ही कुठं नेतोय?" ओढा माघातच आटतो.

आणि पट्ट्याचा अजमास काढायला नेमलं कुणाला? आमच्या माडीवरच्या बुवांना.

मी वर गेलो आणि सरळ सांगितलं, "बुवा, तिथं काही नाही असं लिहा."

"आहे की."

"गाव मरेल."

"ते मला विचारलेलं नाही. निघेल किती एवढंच विचारलंय."

असा माणूस. मग मी माझ्या अकलेनं एक बेत केला. गावात निरोप धाडला की कारखानीसांच्या माणसांनी गायरानात नमुन्याचे जे सहा खड्डे खणलेत त्यांतली चुनखडी काढून टाका आणि काळी माती भरा. गावानं रात्रंदिवस राबून ते केलं. चैत्र संपून वैशाख लागला तेव्हा बुवा तीन कोस चालत आले. पहिल्या खड्ड्याशी वाकले, मूठभर माती उचलली आणि पाटलांच्या देखत माझ्यापुढं धरली.

"यात ज्वारीची धसकटं आहेत. आपल्या गावात ज्वारी खड्ड्यात पिकते का?"

पाटलांनी माझ्याकडं बघितलं.

"खड्डा बुजवायचा तर शेजारच्या शेतातली माती घेऊ नये," ते म्हणाले. "आता काढा सगळं."

गावानं ते सगळं पुन्हा काढलं, उन्हात, मला शिव्या घालत. बुवांनी याची चुगली केली नाही, पण आभार मानावे असंही मला वाटलं नाही.

नंतरचे तीन दिवस ते विहिरीच्या काठावर बसून राहिले. नुसते बसून. बायका पाणी शेंदायला येत, हे बघत. माझी चुलती, तिला मी काकू म्हणतो, तिचा पोहऱ्याचा दोर त्यांनी मागून घेतला आणि माळ ओढावी तसा बोटांतून सरकवला. त्याच्यावर गाठी होत्या. एका गाठीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. काकूनं काहीतरी उत्तर दिलं. मी लांब चिंचेखाली होतो, ऐकलं नाही, कारण मी लिहीत होतो. काय लिहीत होतो? त्यांच्याविरुद्धचा कागद.

'धायरीची भाकरी खाऊन धायरीचा गळा कापणारा कसब्यातला विकाऊ अजमास' असा त्याचा मथळा होता. खाली लिहिलं होतं की हा गृहस्थ तीन दिवस आमच्या विहिरीवर बसून आमच्याच बायकांच्या हातच्या बारा भाकरी खाऊन सरदाराचं काम करतो आहे. शेवटी सवाल होता : दगड मोजणाऱ्या माणसाच्या छातीत काय असतं? तेव्हा मला हे फार जबर वाटलं होतं.

शहरात परत येऊन मी एक प्रत चावडीवर लावली, एक मंडईत भाजीवाल्यांच्या पालांजवळ, सहा पेठांतून, आणि दोन हाताशी उरल्या. दुसऱ्या दिवशी बुवांनी मला वर बोलावलं. मंडईतली प्रत त्यांच्या हातात होती, अख्खी, कोपरासुद्धा न फाटता काढलेली.

"बारा लिहिलंत."

"काय?"

"भाकऱ्या. मी नऊ खाल्ल्या. दिवसाला तीन. लोकांना खरं वाटावं असं वाटत असेल तर आकडा बरोबर असावा." त्यांनी माझ्याच लेखणीनं बारा खोडून नऊ केलं. "बाकी ठीक आहे. कारखानीसांच्या दारावर लावलीत?"

"नाही."

"तिथं लावा की. ते कुठं मंडईत येतात भाजी घ्यायला? दोन लावा. एक आतल्या दरवाज्यावर."

निर्लज्जपणाला काही सीमा? मी विचारतो, असा माणूस आपण कधी बघितला आहे का? मी उरलेल्या दोन लावल्या. आतल्या दरवाज्यावरचीला खळ जास्त लावली.

आठवड्यानं कारखानीसांच्या कचेरीत अजमास वाचला गेला. गावातर्फे पाटील आणि मी. कारखानीस लोडाला टेकून, वाळ्याच्या पडद्याआड. धायरी त्यांनी बघितलेली नव्हती. वैशाखात ते पडद्याबाहेर येत नसत. त्यांच्या पुढ्यात माझा कागद होता.

"हे वाचलंत का हो बुवा?"

"वाचलं. एक आकडा चुकला होता. सुधारून घेतला."

कारखानीस पोट हलेपर्यंत हसले. "बरं. आहे किती?"

"आहे चार हजार खंडी."

पाटलांनी माझं मनगट धरलं. चार हजार म्हणजे गायरान, विहीर, सगळं.

"आणि निघेल?"

"सहाशे."

कारखानीस टेकलेले होते ते सरळ बसले. "एवढीच?"

"पाणी लागतं." बुवांनी पिशवीतून सुतळी काढली, तिला एक गाठ मारलेली होती. "विहिरीच्या काठापासून या गाठीला पाणी. पट्टा बहुतेक सगळा त्याच्या खाली. वरचा सहाशे सुका निघेल. पुढं पाण्यात उतरावं लागेल. मोटा लावून पाणी उपसत बसायचं आणि खणायचं. बैल किती, माणसं किती, त्याचा हिशेब मागं जोडलाय. वाडा बांधून होईल तोवर बैल म्हातारे होतील."

कारखानीसांनी सुतळी बघितली, आकडा बघितला, मग माझा कागद बघितला. आणि आपल्या कारकुनाकडं वळून मोठ्यानं हिशेब केला, आम्ही तिथं नाहीच असा. "गाव यांना विकाऊ म्हणतं. म्हणजे हे आपल्या बाजूचे. आपल्या बाजूचा माणूस सहाशे म्हणतो, तर खरे चारशेच असतील. चारशे खंडींसाठी भट्ट्या बांधायच्या? पलीकडच्या ओसाड माळावरची चुनखडी बघा. हलकी असली तर असू दे."

बाहेर आल्यावर पाटलांनी रस्त्यातच हात जोडले, कुठल्या देवाला ते मला कळलं नाही. मी मात्र तरंगत होतो. माझ्या कागदानं बड्या सरदाराला माघार घ्यायला लावली होती! त्याच संध्याकाळी मी दुसरा कागद लिहिला, धायरीचा विजय म्हणून. त्यात बुवांचा उल्लेख एका ओळीत होता. सत्यापुढं विकाऊ माणसालाही मान तुकवावी लागते, अशी ती ओळ. त्यांनी तो वाचला. "आकडा नाही यात एकही," एवढंच म्हणाले.

दोन वर्षं मी ही मर्दुमकी सांगत हिंडलो. जिथं चार माणसं भेटतील तिथं. मावशींच्या सुनेला तर ती पाठ झाली होती.

तिसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली. वैशाखात गावानं विहीर आणखी खोल करायचं ठरवलं, तेव्हा मीही गेलो. आत उतरलो. आणि बघतो तर भिंतीला पांढरी चुनखडी, वरपासून खालपर्यंत, कोरडी ठणठणीत. पाणी पार तळाशी. माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी त्या सुतळीची गाठ येत असेल. मी उभ्या उभ्या मोजलं. कोरडी चुनखडी सहाशे खंडी? तीन हजारांच्या खाली नसेल. एका उन्हाळ्यात सगळी निघाली असती.

माझ्या अंगात आलं. बुवा चुकले! आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे खोडणारा माणूस चुकला! मी तसाच वर आलो आणि काकूला सांगितलं. काकू दोर गुंडाळत होती. तिला काही नवल वाटलं नाही.

"चुकतील कशानं? म्या दाखवलं व्हतं की त्यास्नी." तिनं दोर माझ्या हातात दिला. "ही वरली गाठ हाय ती पावसाळी. शिरावनात इथवर दोर सोडला की पोहरा पान्याला टेकतो. ही खालली उन्हाळी. आमी बायका बांधून ठिवतो, हाताला कळाया. त्यांनी पावसाळी गाठीवर बोट ठिवलं. म्या म्हनलं, बुवा, ही न्हवं, आत्ता पानी खालल्या गाठीला हाय. त्ये म्हनले, असू द्या, ही बरी हाय."

"काकू, हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुला?" काकूनं पोहरा उचलला. "तू भित्तीला लावलं असतंस की."

मी तिथंच काठावर बसलो, ते बसायचे त्याच जागी. उन्हाळ्यातली खाण त्यांनी पावसाळ्याच्या पाण्यानं मोजली होती. आतल्या दरवाज्यावर कागद लावा असं ते का म्हणाले हेही तेव्हाच कळलं. ज्या माणसाला गाव शिव्या देतं त्याच्यावर गावाला वाचवल्याचा संशय कोण घेईल? माझा कागद त्यांच्या अजमासात धरलेला होता, बैलांसारखा, मोटांसारखा.

लगेच पुण्याला जावं, जुने कागद टराटरा फाडावेत, नवा लावावा, दहा नव्हे शंभर प्रती, असं मनात आलं. अर्ध्या वाटेवर थांबलो. नवा कागद लावला की कारखानीसही तो वाचणार. वाड्याचा तिसरा चौक अजून अर्धाच होता. ओसाड माळावरची चुनखडी संपत आली होती. म्हणजे बुवांची झालेली बदनामी हेच आमच्या विहिरीचं कुंपण, आणि ते मीच घातलेलं. ते काढायची मला सोय नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं खरी बातमी होती आणि ती मला लावता येत नव्हती. चावडीवरून जाताना हात शिवशिवायचे. मी दुसऱ्या बाजूनं जायला लागलो.

आता लिहितो, कारण सरदाराचा तो इमारतीचा कारखाना मोडला, कारखानीस गेले, वाड्याचा तिसरा चौक अर्धाच राहिला आणि त्यात आता घोडेही बांधत नाहीत. बुवाही गेले.

जायच्या आधी, मार्गशीर्षात, मी एकदाच तो विषय काढला. ते अंथरुणावर होते. उशाशी भिंतीवर माझा कागद, मंडईतला, बारा खोडून नऊ केलेला. चांगला जुना झाला होता, पण कोपरे शाबूत.

"बुवा," मी म्हणालो, "धायरीला आपण पावसाळी गाठ धरली."

"केव्हा कळलं?"

"वैशाखात."

"कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच, खाणीकडं बघायचे तसं. मग बोटांवर मोजू लागले. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. मार्गशीर्षावर येऊन थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"दीडशे पावलं म्हणालो होतो मी."

"एकशे सत्तेचाळीस," मी म्हणालो.

"ते जाऊ द्या. अजमास चुकला." त्यांना ते खरोखरच लागलं होतं, आवाजावरून कळत होतं. "माणसात एवढं आहे हे धरलं नव्हतं."

मी उठलो आणि भिंतीवरचा कागद काढायला हात घातला.

"राहू द्या," ते म्हणाले. "आता आकडा बरोबर आहे त्यातला."